गावोगावची गाणी वेचणारा बेला बार्टोक

आपली गाण्यांची आवड रक्तातून येते की कानावर काय पडलं त्यावरून ठरते? बेला बार्टोकने आपलं आयुष्य याच शोधात घालवलं.

जन्म १८८१ चा, तेव्हाच्या हंगेरीत. ते गाव आज रुमानियात आहे. पियानोचे पहिले धडे आईने दिले. बुडापेस्टला शिकलेला हा पक्का देशभक्त. शहरातल्या जिप्सी बँडच्या चाली म्हणजेच अस्सल हंगेरियन संगीत, असं तेव्हा सगळ्यांसारखं त्यालाही वाटायचं. १९०४ मध्ये एका मोलकरणीच्या तोंडून त्याने लोकगीत ऐकलं आणि तो समज डळमळला.

मग फोनोग्राफ घेऊन स्वारी खेडोपाडी निघाली. हंगेरियन, स्लोव्हाक, रुमानियन, १९१३ मध्ये अल्जेरियातले अरब, १९३६ मध्ये तुर्कस्तान... हजारो गाणी जमली! शेजाऱ्यांची गाणी गोळा करतो म्हणून मायदेशात टीकाही झाली. पण चाली सीमा ओलांडतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यानेच श्रीमंत होतात, हे त्याला पुराव्यानिशी कळलं होतं. युरोपात वंशशुद्धीचं वेड माजलं. १९३९ मध्ये आई गेली आणि १९४० मध्ये त्याने देश सोडला. १९४५ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला.

होस्टेलमध्ये शेजारच्या रूममधून अनोळखी भाषेतलं गाणं आलं, तर दार लावण्याआधी दोन मिनिटं ऐकून तर बघा!