विश्लेषण : सांकेतिक भाषा वाचवण्यासाठी १९१३ मध्ये चित्रपट! कोण होते जॉर्ज व्हेडिट्झ?

टीव्हीवरच्या बातम्यांत किंवा सरकारी सूचनांच्या व्हिडीओत कोपऱ्यात सांकेतिक भाषेतून माहिती देणारी व्यक्ती तुम्ही पाहिली असेल. कर्णबधिरांच्या भाषेसाठी कॅमेरा वापरण्याची कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत त्यासाठी झटलेलं प्रमुख नाव म्हणजे जॉर्ज व्हेडिट्झ.

कोण होते व्हेडिट्झ?
१८६१ मध्ये बाल्टिमोर येथे जर्मन स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी आजारपणात त्यांची श्रवणशक्ती गेली. वॉशिंग्टनमधील आजच्या गॅलॉडेट विद्यापीठातून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे त्यांनी कोलोरॅडोत शिक्षक म्हणून काम केलं. १९०४ मध्ये ते कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले.

धोका कसला होता?
१८८० मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी बोलण्यातून आणि ओठ वाचण्यातून शिकवावं, असा ठराव तिथे झाला. त्यानंतर अमेरिकेतही अनेक शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली, कर्णबधिर शिक्षक कमी होत गेले. पुढच्या पिढीला ही भाषा शिकवणार कोण, असा प्रश्न उभा राहिला.

चित्रपटच का?
हात, चेहरा आणि हालचाल यांतून या भाषेचा अर्थ तयार होतो. तो कागदावर नीट उतरत नाही. म्हणून संघटनेने ५,००० डॉलरचा निधी जमवला आणि १९१० पासून या भाषेतल्या जाणकारांचं चित्रीकरण सुरू केलं. १९१३ मध्ये व्हेडिट्झ स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी ही भाषा जपण्याचं आवाहन केलं. चित्रपट मूक होता. पण ज्यांच्यासाठी तो होता, त्यांना आवाजाची गरजच नव्हती.

पुढे काय झालं?
१९३७ मध्ये व्हेडिट्झ यांचं निधन झालं, तेव्हाही शाळांत बोलण्यावरच भर होता. अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये मांडलं. २०१० मध्ये व्हेडिट्झ यांच्या चित्रपटाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला.

आज त्याचं महत्त्व काय?
अनेक कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा ही पहिली, तर लिखित भाषा दुसरी असते. त्यामुळे फक्त सबटायटल्स दिल्याने सूचना प्रत्येकाला समजेलच असं नाही. भारतात २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. या केंद्राच्या शब्दकोशात २०२१ मध्ये १०,००० शब्द होते आणि तोही व्हिडीओतच आहे.