ऐकू येते, पण उमगत नाही

मेंदूच्या विकारात कधी कधी मोठी विलक्षण अवस्था ओढवते. रुग्णाचे कान शाबूत असतात, जीभ अडखळत नाही, हातपायही चालतात. तो सलग, हेलकाव्यांसह बोलत असतो; पण त्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. शब्दांच्या जागी भलतेच शब्द येतात, काही तर कोणत्याही कोशात नसलेले. समोरच्याने विचारलेला साधा प्रश्न त्याला ऐकू येतो, पण उमगत नाही. एकोणिसाव्या शतकात अशा रुग्णांना सहज बहिरे किंवा भ्रमिष्ट ठरवले जाई. हा बुद्धिभ्रंश नसून भाषा समजण्याच्या शक्तीला झालेली इजा आहे, हे शास्त्रीय पायावर मांडले ते कार्ल वेर्निके या अवघ्या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने.

वेर्निके यांचा जन्म १५ मे १८४८ रोजी प्रशियातील अप्पर सायलेशिया प्रांतातील टार्नोवित्स या खाणींच्या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचे पोलंडमधील व्ह्रोत्सवाफ, येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी मेंदू आणि भाषा यांच्या संबंधाचा प्रश्न युरोपात गाजत होता. १८६१ मध्ये पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाची हकिगत वैद्यकीय जगापुढे ठेवली होती. त्या रुग्णाला एका अक्षरापलीकडे फारसे काही उच्चारता येत नसे. मात्र इतरांचे बोलणे बरेचसे कळत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, कपाळामागील भागात बिघाड आढळला. वाणीचे स्थान सापडले, असे अनेकांना वाटले. पण अस्खलित बोलणाऱ्या आणि तरीही काही न समजणाऱ्या रुग्णांचे कोडे त्याने सुटत नव्हते.

वेर्निके यांना दिशा मिळाली ती व्हिएन्नात. तेथे थिओडोर मायनर्ट यांच्या हाताखाली त्यांनी सुमारे सहा महिने मेंदूच्या रचनेचा अभ्यास केला. मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यांवर मायनर्ट यांचा भर होता. ही दृष्टी घेऊन वेर्निके ब्रेस्लाऊच्या रुग्णालयात परतले आणि तेथील रुग्णांकडे नव्याने पाहू लागले. त्यांतील एका वृद्धेच्या शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूस, कानशिलामागील वरच्या वळीत बिघाड दिसला. १८७४ मध्ये त्यांनी अफेजिया, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे येणारा भाषालोप, या विषयावर सत्तरेक पानांची पुस्तिका प्रसिद्ध केली.

त्यांची मांडणी साधी, पण दूरगामी होती. ऐकलेल्या शब्दांच्या ध्वनींची स्मृती कानशिलामागील त्या भागात साठते, तर शब्द उच्चारण्याच्या हालचालींची स्मृती ब्रोका यांनी दाखवलेल्या भागात. पहिला भाग निकामी झाला की ऐकलेला शब्द हा नुसता आवाज उरतो. बोलणे सुरू राहते, पण त्याला आतून लगाम राहत नाही. आपण काय बोललो हेही रुग्णाला तपासता येत नसल्याने स्वतःच्या चुका त्याच्या लक्षात येत नाहीत. दोन्ही भाग शाबूत राहून त्यांना जोडणारा दुवाच तुटला तर तिसऱ्याच प्रकारचा भाषालोप संभवतो, हेही त्यांनी केवळ तर्काने मांडले. पुढे १८८५ मध्ये लुडविग लिख्टहाइम यांनी या आराखड्याचा विस्तार केला.

लिखित भाषेचा विचारही त्यांनी केला. मूल अक्षर शिकते ते ध्वनीच्या आधाराने. म्हणून कमी सराव असलेला वाचक स्वतःचा आवाज ऐकत वाचतो, तर मुरलेला वाचक शब्दाशब्दाचे भान न ठेवता पानाचा आशय उचलतो. साहजिकच एकाच ठिकाणची इजा दोघांच्या वाचनावर सारखा परिणाम करीलच असे नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत होता.

पुढील आयुष्य सरळ रेषेत गेले नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काही काळ काम केल्यावर तेथील प्रशासनाशी त्यांचे खटकले. १८७८ पासून त्यांनी बर्लिनमध्येच खासगी व्यवसाय केला. याच काळात त्यांचा मेंदूविकारांवरील तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात १८८१ मध्ये वर्णिलेला, गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचालीतील दोष आणि तोल जाणे अशी लक्षणे असलेला विकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे कारण नंतर उलगडले. १८८५ मध्ये ते ब्रेस्लाऊला प्राध्यापक म्हणून परतले. ह्यूगो लीपमान, कार्ल बोनहोफर यांच्यासारखे नामवंत त्यांच्या हाताखाली घडले. १९०४ मध्ये ते हाले येथे गेले. परंतु पुढच्याच वर्षी थुरिंजियाच्या जंगलात सायकलवरून जाताना त्यांना अपघात झाला आणि १५ जून १९०५ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सिद्धान्तावर टीकाही झाली. १८९१ मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉईड यांनी भाषेला अशा कप्प्यांत बसवण्यास आक्षेप घेतला. आधुनिक मेंदूचित्रणानेही आकलन हे एका ठिपक्याचे काम नसून दूरवर पसरलेल्या जाळ्याचे कार्य असल्याचे दाखवले आहे. वेर्निके क्षेत्राच्या सीमा कोठे, यावरही तज्ज्ञांचे एकमत नाही. मात्र उच्च मानसिक व्यापार एकेका केंद्रात नव्हे, तर केंद्रांमधील दुव्यांतून घडतात, हे खुद्द वेर्निके यांचेच म्हणणे होते. त्यांच्या नावाने पुढे पाठ्यपुस्तकांत रुजलेल्या ढोबळ नकाशापेक्षा ते अधिक सूक्ष्म होते.

या संशोधनाचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. पक्षाघातानंतर घरातील माणूस असंबद्ध बोलू लागला की आजही नातलगांना त्याला वेड लागल्याची भीती वाटते. भाषा हरपली म्हणजे बुद्धी किंवा माया हरपली असे नव्हे, हे कळले की वागणूक बदलते. ओरडून बोलण्याचा उपयोग नसतो, कारण दोष कानांत नसतो. छोटी वाक्ये, संथ बोलणे, हातवारे आणि चित्रे यांचा आधार लागतो. अचानक असे बोलणे सुरू झाले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. वाचा-उपचाराने अनेकांची भाषा काही अंशी परतते. ब्रेस्लाऊच्या त्या तरुण डॉक्टरने निरर्थक वाटणारे बोलणे लक्षपूर्वक ऐकले, आणि म्हणूनच अशा रुग्णांना भ्रमिष्ट ठरवून मोकळे होणे अवघड झाले.