विश्लेषण : गोष्टीआधी नकाशा! टॉल्किन यांनी ‘मिडल-अर्थ’ कसं उभं केलं आणि ते अपुरं का राहिलं?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे सिनेमे पाहिलेल्यांना त्यातला नकाशा आठवत असेल. डोंगररांगा, नद्या, जंगलं आणि उजवीकडे खाली मॉर्डोर. हा नकाशा पुस्तकाला शोभा म्हणून नंतर जोडलेला नाही. गोष्ट लिहिली जात असतानाच तो वाढत गेला आणि अनेकदा पात्रांनी कुठून जायचं हेही त्यानेच ठरवलं. लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी जवळपास साठ वर्षं हे एकच जग रचलं. तरीही ते त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही. असं का झालं?

टॉल्किन कोण होते?

३ जानेवारी १८९२ रोजी आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनमध्ये त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना वडील गेले आणि १२ व्या वर्षी मधुमेहाने आई गेली. फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी त्यांचा आणि धाकट्या भावाचा सांभाळ केला. बर्मिंगहॅममध्ये शाळा आणि ऑक्सफर्डमध्ये पदवी झाली. पुढे १९२५ पासून निवृत्तीपर्यंत ते ऑक्सफर्डमध्येच प्राध्यापक होते. जुनी इंग्रजी हा त्यांचा विषय.

सुरुवात कशातून झाली?

भाषेतून. नव्या भाषा तयार करण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. त्यांच्या एल्फ लोकांच्या एका भाषेवर फिनिशची छाप आहे, तर दुसरीवर वेल्शची. पण भाषा बोलायला माणसं लागतात, माणसांना इतिहास लागतो आणि इतिहास घडायला भूगोल लागतो. जग असं एकातून एक वाढत गेलं.

त्याला दुसरं कारण युद्धाचं होतं. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांपैकी रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत मारला गेला. जी. बी. स्मिथ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला. आपल्यापैकी जो वाचेल त्याने सगळ्यांच्या वतीने लिहावं, अशा आशयाचं पत्र स्मिथने आधीच टॉल्किन यांना पाठवलं होतं. सिग्नल अधिकारी असलेले टॉल्किन ट्रेंच फीव्हरने आजारी पडून नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले. या जगातल्या पहिल्या मोठ्या कथा आजारपणाच्या त्या काळात लिहिल्या गेल्या.

नकाशा नेमका कसा तयार झाला?

‘द हॉबिट’ सप्टेंबर १९३७ मध्ये आलं आणि गाजलं. प्रकाशकाला पुढचा भाग हवा होता. डिसेंबरमध्ये टॉल्किन लिहायला बसले, ते थेट १९४९ मध्ये थांबले. या काळात ते एकाच नकाशावर काम करत राहिले. गोष्ट पुढे सरकली की कागदाला कागद चिकटवायचा आणि प्रदेश बदलला की त्या जागी नवा तुकडा डकवायचा. त्यावर दोन सेंटिमीटरचे चौकोन आखलेले होते. एक चौकोन म्हणजे १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. पात्रं दिवसाला किती चालतील, हे त्यावरून मोजता येत असे.

चंद्राने घोळ कसा घातला?

पात्रं वेगवेगळ्या वाटांनी निघाल्यावर कोण कोणत्या दिवशी कुठे आहे, याचे तक्ते टॉल्किन यांनी बनवले. १९४४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की चंद्राच्या कला जुळत नाहीत. गोष्टीत एका ठिकाणी चंद्र उगवत होता आणि त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणी मावळत होता. मग मागची प्रकरणं काढून दुरुस्त करावी लागली. वाचकांपैकी किती जणांनी ही चूक पकडली असती? फार थोड्यांनी. पण टॉल्किन यांना ती चालणारी नव्हती.

छपाईच्या वेळी काय झालं?

पुस्तक १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं. छापायचे नकाशे त्यांचा मुलगा ख्रिस्तोफरने काढले. गोंडोर आणि मॉर्डोरचा मोठ्या स्केलचा नकाशा करायला घेतला, तेव्हा अंतरांतल्या चुका उघड्या पडल्या. परिशिष्टं लांबल्याने तिसरा खंड रखडला. पहिल्या खंडात कबूल केलेली नावांची सूचीसुद्धा वेळेत झाली नाही.

मग ‘सिल्मरिलियन’ अपुरं का राहिलं?

हा त्या जगाचा प्राचीन इतिहास. तरुणपणी सुरू केलेलं हे काम टॉल्किन शेवटपर्यंत करत होते. अडचण अशी, की सगळं सगळ्याला जोडलेलं होतं. एक नाव बदललं की वंशावळ बदले, वंशावळ बदलली की कालगणना. उतारवयात त्यांना पायाच खटकू लागला. जुन्या कथांत पृथ्वी आधी सपाट होती आणि सूर्य-चंद्र फार उशिरा निर्माण झाले होते. हे विज्ञानाशी जुळवून घ्यायचं, तर सगळ्यात सुंदर कथा मोडाव्या लागणार होत्या. त्यांनी प्रयत्न करून पाहिला, पण तो तडीस गेला नाही. २ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा मागे कागदांचे ढीग होते.

पुढे काय झालं?

ख्रिस्तोफर यांनी ते कागद लावायला घेतले. ‘सिल्मरिलियन’ १९७७ मध्ये आलं. त्यानंतर १९८३ ते १९९६ या काळात वडिलांचे मसुदे त्यांनी १२ खंडांत छापले. कोणता बदल आधी झाला आणि कोणता नंतर, हे त्यांनी उलगडून दाखवलं. नकाशाच्या त्या डकवलेल्या कागदांचाही त्यात अभ्यास आहे. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

आज गेम, कॉमिक किंवा कादंबरीसाठी स्वतःचं जग रचणाऱ्यांना टॉल्किन यांच्याकडून एक स्केल, एक कॅलेंडर आणि नावांची एक यादी सुरुवातीपासून ठेवण्याची शिस्त घेता येईल. मात्र लोकांपर्यंत आधी पोहोचलं ते ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, कारण चुका शिल्लक असतानाही ते छापायला दिलं गेलं. ‘सिल्मरिलियन’मधल्या चुका टॉल्किन शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिले.