गोदीत वाफेचे यंत्र आणणारा वाडिया

फोर्टमधील लायन गेटसमोरून दररोज हजारो नोकरदारांची ये-जा असते. आतील गोदी नौदलाच्या ताब्यात असल्याने सर्वसामान्यांना तेथे प्रवेश नाही. समुद्राला लागून असलेल्या याच गोदीत ईस्ट इंडिया कंपनीचा वाफयंत्रांचा कारखाना आणि ओतशाळा होती. १८४१ मध्ये मुख्य अभियंता म्हणून त्याची सूत्रे हाती घेतली ती अर्देशिर करसेटजी वाडिया यांनी. त्यांच्या हाताखाली अनेक युरोपियन होते आणि वादाचे मूळ नेमके तेथेच होते.

अर्देशिर यांचा जन्म १८०८ चा. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि जहाजबांधणीची धुरा पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाडियांकडे राहिली. १८१७ मध्ये या घराण्याने बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहायला मिळते. अशा घरात जन्मलेल्या मुलाला शिडे आणि लाकूड यांपेक्षा बाष्पक आणि नळ्यांची ओढ लागावी, हे विलक्षणच म्हणायचे. घराण्याच्या कौशल्याचा काळ सरत आल्याचे त्याने बहुधा लवकर ओळखले होते.

१८३४ मध्ये अर्देशिर यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. तो नवलाचा प्रकार पाहण्यासाठी खुद्द गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले. शहराच्या रस्त्यांवर गॅसदिवे लागायला मात्र १८६५ साल उजाडावे लागले. १८३९ मध्ये ते तांबडा समुद्र आणि इजिप्तमार्गे इंग्लंडला गेले, तेथील कारखाने पाहिले आणि नव्या पदावरील नियुक्ती पदरात पाडूनच परतले.

या नियुक्तीवर ‘बॉम्बे टाइम्स’ने नापसंती व्यक्त केली. एतद्देशीय माणूस, मग तो कितीही कर्तबगार असो, अशा संस्थेचा कारभार पेलू शकेल काय, असा त्या पत्राचा सूर होता. आमच्या व्यवसायाला भूषणावह नसलेला हा प्रसंग. त्याच वर्षी २७ मे रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने अर्देशिर यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर श्रीनिवास रामानुजन यांची निवड होईपर्यंत ७७ वर्षे लोटली.

अर्देशिर यांनी वाद घालत बसण्याऐवजी काम केले. १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तेथे पाहिलेली लाकूड कापण्याची यंत्रे त्यांनी मुंबईत आणली. शिवणयंत्र आणि छायाचित्रणाची मुंबईला ओळख करून देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. यंत्र वाफेचे, नाव मात्र सागवानी जहाजे बांधणाऱ्या पूर्वजाचे!

१८५७ मध्ये ते गोदीच्या सेवेतून निवृत्त झाले. अखेरची वर्षे त्यांनी लंडनजवळच्या रिचमंड येथे काढली आणि १८७७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीवरील निवडीच्या तारखेलाच, २७ मे १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.