अंगठ्याला दिशा देणारा माणूस

मोबाइलला जोडायचा गेम कंट्रोलर आता धाराशिव, तुळजापूर, उमरग्यातल्या घरांतही येऊन पोहोचला आहे. दोन्ही हातांत तो धरायचा, मध्ये फोन अडकवायचा आणि एम्युलेटर नावाच्या प्रणालीवर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे मारिओ, काँट्रा पुन्हा खेळायचे. आज चाळिशीत असलेल्या बापांनी हे खेळ टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर खेळलेले असतात, त्यांची मुले ते फोनवर खेळतात. पण दोन्ही पिढ्यांच्या डाव्या अंगठ्याखाली वस्तू एकच आहे. अधिकच्या चिन्हासारखे दिसणारे ते काळे बटण! त्याला डी-पॅड म्हणतात. ते घडवणाऱ्या माणसाचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. ते नाव गुनपेई योकोई.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधल्या क्योटो शहरात झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून ते विद्युत शाखेचे पदवीधर झाले. मोठ्या कंपन्यांत डाळ शिजली नाही, म्हणून १९६५ मध्ये त्यांनी गावातल्याच एका कंपनीत नोकरी धरली. १८८९ साली सुरू झालेली ही निन्तेन्दो कंपनी तेव्हा पत्ते छापत असे. पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करणे, हे योकोईंचे काम. यंत्रे नीट चालली की रिकामा वेळ भरपूर!

अशाच रिकामपणी त्यांनी एक लांबणारा हात बनवला. बँकेच्या दाराला जाळीचे सरकते चॅनेल गेट असते ना, त्याच तत्त्वावर. पट्ट्यांची कात्री दाबली की जाळी पुढे जायची आणि टोकाचा चिमटा वस्तू पकडायचा. नेमके ते कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडले. बोलावणे आले तेव्हा आता बोलणी बसणार, असे योकोईंना वाटले. घडले उलटेच. हे खेळणे म्हणून बाजारात आणा, असा हुकूम झाला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ आला आणि दहा लाखांहून अधिक खपला. देखभालीचा माणूस संशोधक झाला.

पुढची कल्पना सुचली ती बुलेट ट्रेनमध्ये. एक कंटाळलेला नोकरदार प्रवासी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. त्या सुमारास कॅल्क्युलेटर इतके स्वस्त झाले होते, की त्यांत कुणाला नवल उरले नव्हते. त्याच पडद्यावर खेळ बसवला तर? त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला, खिशात मावणारा आणि वेळही दाखवणारा. पुढच्या दशकभरात त्याची विक्री चार कोटींवर गेली.

याच मालिकेतल्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’मध्ये डी-पॅड अवतरला. त्यापूर्वीच्या यंत्रांना उभी काठी असे. ती खिशात कशी मावायची? योकोईंनी चारही दिशा एका चपट्या तुकड्यात आणल्या. तुकडा मधोमध टेकलेला असतो. एक टोक दाबले की समोरचे उचलते, म्हणून डावे-उजवे एकाच वेळी दाबले जात नाही. खाली न पाहता अंगठ्याला दिशा कळते. बस्स, एवढेच! १९८३ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायच्या ‘फॅमिकॉम’साठीही मासायुकी उएमुरा यांच्या गटाने तेच बटण घेतले. त्यामागे एक घरगुती कारणही होते. जपानी घरांत मुले चटईवर बसून खेळतात, काठीवर पाय पडला तर ती मोडायची. सतरंजीवर पसारा मांडणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

योकोईंचे सूत्र साधे होते. जुने, स्वस्त, स्वभाव पुरता कळलेले तंत्र घ्यायचे आणि ते कुणी वापरले नसेल तिथे वापरायचे. आपल्या दुष्काळी भागात सायकलच्या चाकाचे कोळपे करणाऱ्या शेतकऱ्याला हे सूत्र शिकवावे लागत नाही. १९८९ च्या ‘गेम बॉय’ला त्यांनी मुद्दाम हिरवट, बिनरंगी पडदा ठेवला. त्यामुळे किंमत आणि सेल दोन्ही वाचले. पुढच्याच वर्षी आलेला प्रतिस्पर्धी ‘गेम गिअर’ रंगीत होता, पण सहा सेल काही तासांत संपवायचा. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास बारा कोटी यंत्रे खपली.

मग पडता काळ आला. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ डोळे लावून पाहायचा, लाल रेषांच्या चित्रांचा होता. तो सपशेल पडला. १९९६ मध्ये एकतीस वर्षांची नोकरी सोडून योकोईंनी ‘कोतो’ ही स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी एकाच सेलवर चालणाऱ्या यंत्राचे काम हाती घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर किरकोळ अपघात झाला म्हणून ते गाडीतून उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवले. वय अवघे ५६. ते यंत्र, ‘वंडरस्वान’, १९९९ मध्ये बाजारात आले. सोबतच्या एका खेळाला त्यांचेच नाव होते, ‘गुनपे’.

कंट्रोलर घेणाऱ्या पालकांनी योकोईंची नजर उसनी घ्यावी. दिव्यांची रोषणाई पाहू नये, डी-पॅड दाबून पाहावा. उजवीकडे दाबताना खेळातला गडी वर उडी घेत असेल, तर तो नग परत ठेवावा. जुन्या खेळांना गोल काठीपेक्षा डी-पॅडच मानवतो. ब्लूटूथवर दाबणे आणि उडी यांत किंचित अंतर पडते, थेट फोनच्या पिनेत बसणाऱ्या कंट्रोलरमध्ये ते कमी असते. फोन कव्हरसह बसतो का, पिन जुळते का, हे आधी पाहावे. आणि एक, एम्युलेटर फुकट मिळाला तरी त्यावरच्या खेळांचे हक्क बहुधा मूळ कंपन्यांचेच असतात, हेही मुलांना सांगावे.

आपल्या जिल्ह्यातून पदवी घेऊन पुण्या-मुंबईच्या मुलाखतींतून रिकाम्या हाताने परतणारी मुले दरवर्षी दिसतात. मिळेल त्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करणे त्यांना कमीपणाचे वाटते. घरातले वडीलधारेही तो चेहऱ्यावर दाखवतात. अशा घरात योकोईंची गोष्ट सांगावी. त्यांना नावाजलेल्या कंपनीने घेतले नव्हते आणि हाती नवे तंत्रही नव्हते. पत्ते छापणाऱ्या यंत्राशेजारी बसून मोकळ्या वेळात हात चालू ठेवले, एवढेच त्यांचे भांडवल.