छप्पर दुसऱ्यांसाठी : संत गाडगेबाबा

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे गाडगेबाबांचे मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेणगाव, जिल्हा अमरावती. १९०५ साली त्यांनी घर सोडले ते कायमचेच. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदान सुरू केले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. एवढ्या इमारतींत स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र एक खोलीही ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

बँकेत मी आयुष्यभर लोकांकडून वारसाचा रकाना भरून घेतला. बाबांच्या हिशेबात उघड्यावर झोपणारा प्रत्येक जण वारस होता.