मँडोलिनकडून मींड घेणारा माणूस

आमच्या आलापल्लीच्या नावात आलाप आहे. पण लहानपणी तिथे कानावर यायचा तो सागाचे ओंडके कापणाऱ्या करवतीचा आणि ते वाहून नेणाऱ्या ट्रकचा आवाज. वडील वनखात्याच्या डेपोत नोकरीला. आलापल्लीहून दक्षिणेला सिरोंच्याकडे निघालं, की मराठीत हळूहळू तेलुगू मिसळत जाते. त्यामुळे तेलुगू सिनेमे आम्हाला परके नव्हते. बापू यांनी दिग्दर्शित केलेला, १९७५ साली आलेला 'मुत्याल मुग्गू' मी सिरोंच्यालाच पाहिला. गोष्ट अर्धीमुर्धी कळली. लक्षात राहिलं ते त्यातलं मँडोलिन. एखाद्या गायिकेनं दम राखून सूर ओढत न्यावा, तसं ते वाजत होतं.

मी घरी हट्ट धरला. वडिलांनी नागपूरहून एक जुनं मँडोलिन आणलं. तेव्हाच्या आमच्या घरात ती चैनच होती. चंद्रपूरच्या एका संगीतशिक्षकांना दाखवलं, तर ते म्हणाले, यावर सिनेमाच्या चाली वाजतील, आपलं गाणं यायचं नाही. सहा महिन्यांत माझा धीर सुटला. वाद्यच कमअस्सल आहे, असं वडिलांना सांगून मी ते माळ्यावर टाकलं. ते काही बोलले नाहीत.

शिक्षकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मँडोलिन मूळचं इटलीचं. आठ तारा, त्याही दोन-दोनच्या चार जोड्या, आणि जुळवणी व्हायोलिनसारखी. म्हणूनच आयर्लंडमध्ये व्हायोलिनवरच्या 'रील' नावाच्या नाचाच्या धून सहज त्यावर उतरल्या. रील द्रुत लयीत धावते. तिचे छोटे छोटे भाग, प्रत्येक भाग बहुधा दोनदा. एक सूर विझण्याआधी पुढचा हजर असतो, त्यामुळे वाद्याचं उणेपण झाकलं जातं. आपल्या संथ आलापीत मात्र ते उघडं पडतं. छेडलेला सूर लगेच विरतो. सतारीप्रमाणे तार बाजूला ओढून मींड काढावी, तर इथल्या तारा आखूड आणि ताठ. शिवाय एकदम दोन ओढायच्या. बोटं सोलून निघतात.

तेलुगू सिनेमातले ते वादक सज्जाद हुसेन होते, हे मला फार उशिरा कळलं. हिंदी चित्रपटांचे संगीतकार म्हणून ज्यांचं नाव ऐकलं होतं, तेच हे.

सज्जाद यांचा जन्म १५ जून १९१७ चा, माळव्यातल्या सीतामऊचा. वडिलांनी लहानपणीच सतार शिकवली. १९३७ साली ते थोरल्या भावाबरोबर मुंबईत आले. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये महिना ३० रुपयांवर आणि नंतर वाडिया मूव्हीटोनमध्ये ६० रुपयांवर त्यांनी नोकरी केली. १९४४ च्या 'दोस्त'मधली नूरजहाँची गाणी गाजली. मात्र या यशाचं श्रेय चित्रपटाचे दिग्दर्शक आणि नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी यांनी तिच्या गळ्याला दिलं, तेव्हा सज्जाद यांनी पुन्हा तिच्याबरोबर काम न करण्याचं ठरवलं आणि ते पाळलं.

पुढे 'हलचल' (१९५१), 'संगदिल' (१९५२), 'रुस्तम सोहराब' (१९६३) आले. 'संगदिल'मधली तलत महमूदची चाल इतकी नामी, की मदनमोहनसारख्या संगीतकारालाही 'आखरी दाँव'मध्ये तिचा मोह आवरला नाही. लता मंगेशकर सज्जादना फार मानत. पण तालमीत एक हरकत इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. निर्माता असो की गीतकार, भीड नाही. कामं हातची गेली. तीन दशकांहून अधिक काळात त्यांचे चित्रपट वीससुद्धा भरत नाहीत.

हाच हट्ट मँडोलिनला मात्र फळला. हे वाद्य मींड देत नाही, हे त्यांनी मान्यच केलं नाही. १९५६ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत बडे गुलाम अली खाँ, विनायकराव पटवर्धन, अहमदजान थिरकवा अशा दिग्गजांसमोर त्यांनी मँडोलिनवर राग वाजवले. २१ जुलै १९९५ रोजी मुंबईत ते गेले. अंत्ययात्रेला चित्रपटसृष्टीतली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

असा हट्ट करावा का? मुलांना तो शिकवायला मी धजणार नाही. त्याची किंमत घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते. शिवाय तो माणसं दुखावतो. पण ज्या हट्टानं सज्जादना स्टुडिओची दारं बंद झाली, त्याच हट्टानं त्या आठ तारांकडून राग वाजवून घेतले. आपल्याला सोयीचं तेवढं त्यातून वेगळं काढता येत नाही.

गेल्या वर्षी आलापल्लीचं घर आवरताना माळ्यावरचं मँडोलिन खाली काढलं. गंजलेल्या तारा बदलून घेतल्या. आता रोज थोडं वाजवतो. परवा षड्जावरून ऋषभापर्यंत एक लहानशी मींड आली. पुरती सुरात नव्हती, पण आली. बोटाचं कातडं सोललं होतं. वाद्यात खोट नव्हती, हे सांगायला आज वडील नाहीत.